क्रम बरोबर होता

कागदोपत्री त्याचं नाव वेगळं होतं. आम्ही त्याला मेगर म्हणायचो. मोटरच्या वाइंडिंगमधून, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांमधून, वीज बाहेर झिरपते का, हे तपासायचं हँडलचं एक यंत्र असतं, त्याला मेगर म्हणतात. तिघांनी तपासून दिलेल्या मोटरलाही हा पुन्हा ते यंत्र लावायचा. "आम्ही काय झोपेत तपासली का?" असं कोणी फणकाऱ्यानं विचारलं की म्हणायचा, "तुम्ही जागे होतात का, ते मोटरवर लिहिलेलं नाही." नाव पडलं ते पडलंच. पुढे त्याची बायकोसुद्धा चिडली की त्याच नावानं हाक मारायची.

शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपांच्या मोटरी दुरुस्त करायचा विभाग होता, तिथे आम्ही दोघं शेजारशेजारच्या टेबलांवर काम केलं. जळालेली मोटर यायची. तिचं काळं तांबं कापून काढायचं, खाचा खरवडून साफ करायच्या, नवीन तार भरायची. घाईत हे काम होत नाही. तार ताणली तर तुटते, सैल सोडली तर थरथरते आणि वर्षभरात पुन्हा जळते. मेगरच्या हातची मोटर परत आलेली मी पाहिली नाही. याबद्दल त्याला कोणी शाबासकी दिली नाही आणि त्यानंही वाट पाहिली नाही.

दोष शोधायची त्याची एक पद्धत होती. काहीही उघडण्याआधी तो मशिनासमोर नुसता उभा राहायचा. मग म्हणायचा, "अर्धं कर." म्हणजे मशिनाचे मनातल्या मनात दोन भाग करायचे आणि दोष कुठल्या भागात नाही ते आधी ठरवायचं. उरलेल्याचे पुन्हा दोन. काम संपल्यावर हत्यारं पुसायच्या आधी विचारायचा, "तपासायचं काही राहिलं?" राहिलं नसेल तरच मोटर दाराबाहेर जायची.

निवृत्तीनंतर त्याला रिमोटवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांचा नाद लागला. खरं तर लागला त्याच्या बायकोला. वहिनी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मशिनवर होत्या. शीतगृहाच्या मागच्या रिकाम्या जागेत काही हौशी मंडळी जुने पाण्याचे पाइप अंथरून ट्रॅक आखायची आणि तिथे दीड वीत लांबीच्या गाड्या पळवायची. वहिनी एकदा भाजी घेऊन येताना तिथे थांबल्या. कोणीतरी गमतीत रिमोट हातात दिला. त्यांनी पहिल्याच फेरीत गाडी एकदाही पाइपला न लावता आणून उभी केली. शिलाईमशिनच्या पेडलवर पाऊल जसं टेकवायच्या, तसंच बोट रिमोटच्या खटक्यावर. ना जास्त, ना कमी. बाकीचे खटका पूर्ण दाबायचे आणि वळणावर उलटायचे.

तेव्हापासून गाडी जोडायचा मेगर आणि पळवायच्या वहिनी. घोड्याएवढी माणसं रिमोट घेऊन फळ्यांच्या मचाणावर उभी असायची आणि त्यांच्यामध्ये चष्मा लावलेल्या, पिशवी खांद्याला अडकवलेल्या वहिनी. हरलेला कोणी कुरकुरला तर म्हणायच्या, "माझी गाडी बरी चालते रे बाबा. मालक मात्र ढकलावा लागतो." मेगर खाली उभा. हसला तर हसला.

थंडीत वहिनी गेल्या. दुखणं थोड्या दिवसांचं होतं. मेगर रडला नाही. निदान माझ्यासमोर नाही. आठवड्यानं मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसला होता आणि समोर गाडीचा एकेक स्क्रू काढून ठेवलेला होता.

"काय झालं गाडीला?"

"काही नाही."

"मग उघडलीस कशाला?"

"धुतो."

त्यानं सगळी गाडी धुतली. बेअरिंगा पुसल्या, चाकं उकलली, जाड वायरी काढून नवीन लावल्या. सोल्डरचे टाके असे घातले होते की आरशासारखे चमकत होते. एक वायर दुसरीवर चढलेली नाही. मी म्हटलं, छान झालंय. तो म्हणाला, ठीक. त्या दिवसांत सगळंच ठीक होतं. जेवलास का, ठीक. झोप लागते का, ठीक. तो दाढी करायचा, कपडे वाळत घालायचा, सांगितलं ते ऐकायचा. सगळं वेळेवर आणि सगळं सारखंच.

त्याची मुलगी दूध तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. राहते दुसऱ्या शहरात. बसनं यायला सकाळ मोडते. आईच्या मागे ती दर रविवारी येऊ लागली. आधी कपाटं आवरली. मग आईचे कपडे कोणाकोणाला दिले. मग भांडी. बाप आणि लेक एकाच घरात दिवसभर वावरायचे आणि बोलायचे ते एवढंच, की हे ठेवायचं का, हे द्यायचं का. पुढे आवरायचंही काही उरलं नाही. त्या रविवारी मी तिथेच होतो. तिनं शेल्फावरची गाडी खाली घेतली.

"बाबा, ही मी नेऊ? आमच्याकडे ट्रॅक आहे. मी चालवीन."

"ने."

"चालते ना?"

"चालेल."

तिनं बॅटरी जोडली आणि गल्लीत गाडी ठेवली. खटका दाबला. गाडी थडथडली, एक हात पुढे गेली, थांबली. पुन्हा दाबला. पुन्हा थडथड. मोटरला हात लावला तर गरम.

मेगर उंबऱ्यात उभा राहून बघत होता. म्हणाला, "राहू दे. पुढच्या रविवारी ये. बघून ठेवतो."

मुलगी म्हणाली, "झाली की नेते. नाही झाली तर राहू दे इथेच, शोभेला."

हे वाक्य मी ऐकलं. त्यानंही ऐकलं.

आता ही मोटर कशी असते ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. जुन्या मोटरीत कार्बनचे ब्रश घासत असतात. हिच्यात ते नसतात. मध्ये चुंबक, भोवती तारेची तीन वेटोळी. एक छोटी इलेक्ट्रॉनिक डबी तीन जाड वायरींमधून त्या वेटोळ्यांना आळीपाळीनं वीज देते आणि चुंबक त्या विजेच्या मागे फिरतो. चुंबक या क्षणी नेमका कुठे आहे, हे डबीला कळावं म्हणून एक बारीक केबल असते. सेन्सरची. बाकी आमच्या पंपाच्या मोटरीसारखंच. तीन फेज. आमचा जन्म त्यातच गेलेला.

रविवारी ती आली. मेगरनं गाडी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "अर्धं कर."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मोटरच्या मागे दोष की पुढे, ते आधी."

मोटरचं दातेरी चाक काढून टाकलं, म्हणजे गाडीचा बोजा सुटला. मोकळी मोटरही थडथडली. म्हणजे गिअर, चाकं, आस यांचा संबंध संपला. दुसरी बॅटरी लावली. तेच. बॅटरी सुटली. हातानं मोटर फिरवून पाहिली तर एका बेअरिंगमध्ये किंचित खरखर होती. मुलीनं पुढच्या खेपेला नवीन बेअरिंग आणलं. बसवलं. खरखर गेली, थडथड तशीच.

एक रविवार गेला तो वाइंडिंगमध्ये. इतक्या जाड तारेचा रोध साध्या मीटरवर कळत नाही. मेगरनं मोटर सुटी केली, तिचा दांडा ड्रिल मशिनात धरला आणि बाहेरूनच फिरवली. मग ती उलट वीज बनवायला लागते. मुलीनं दोन-दोन वायरींवर मीटर लावला. तिन्ही जोड्यांत आकडा सारखाच आला.

"म्हणजे काय बाबा?"

"वेटोळी ठीक. चुंबक ठीक."

"मग मोटर चांगली आहे?"

"चांगली आहे असं म्हणालो नाही. हे दोन ठीक आहेत."

"आईशीही असंच बोलायचात?"

मेगर ड्रिलचं तोंड सैल करत होता. म्हणाला, "ती मीटर लावत नव्हती."

मुलगी हसली. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कोणी हसलं. मेगर हसला नाही, पण त्यानं ड्रिल खाली ठेवायला नेहमीपेक्षा वेळ लावला.

मग सेन्सरची केबल. ती उपसून काढली तर गाडी चालली. सरळ, बरोबर दिशेनं. पण सुटताना अडखळत होती, कारण डबीला चुंबकाचा पत्ता अंदाजानं काढावा लागत होता. शर्यतीत असं चालत नाही. पहिल्या वळणाआधीच सगळे पुढे जातात. म्हणजे दोष केबलमध्ये, असं आम्ही ठरवलं. मुलीनं नवीन केबल आणली. थडथड. मग मोटरच्या मागच्या झाकणातली सेन्सरची पट्टी साफ केली. थडथड.

"तारा उलटसुलट नाहीत ना लागलेल्या?" मुलीनं विचारलं.

मी वाकून पाहिलं. "क्रम बरोबर आहे."

"बरोबरच आहे," मेगर म्हणाला. "क्रम चुकला असता तर गाडी उलटी पळाली असती."

आमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून ती पुढच्या गोष्टीकडे वळली.

रविवारमागून रविवार असेच गेले. ती सकाळी यायची, बॅग दाराशी ठेवायची, चहा व्हायचा, गाडी टेबलावर यायची. गाडीवरून ते बोलायचे. मुलगी प्रयोगशाळेतल्या कोणाचं तरी नाव न घेता सांगायची, "आमच्याकडे एक जण आहे, तोही असाच. नमुना तीनदा तपासतो." मेगर विचारायचा, "मग?" ती सांगायची. पूर्वी तो "मग?" विचारत नसे. संध्याकाळच्या बसनं ती जायची आणि सोमवार ते शनिवार तो पुन्हा ठीक.

शेवटी डबीवर संशय आला. आमचा सलूनवालाही शीतगृहामागच्या त्या ट्रॅकवर गाडी पळवतो. त्यानं त्याची एक जुनी, पण चालू मोटर वापरून बघायला दिली. मेगरनं आमच्या मोटरच्या वायरी सोडवल्या आणि तशाच्या तशा तिला लावल्या. तीही थडथडली.

"म्हणजे डबी गेली," मी म्हटलं.

मेगरनं ती सोडवली आणि आमची मोटर पुन्हा तशीच जोडली.

बुधवारी आम्ही दोघं सलूनमध्ये गेलो. मेगर खुर्चीत बसला. गळ्याभोवती कापड, गालाला साबण. सलूनवाल्यानं वस्तरा हातात घेतला.

"काय मेगरशेठ, माझ्या मोटरनं काय दिवे लावले?"

"थडथडते."

"माझी? अहो, लग्नात बायको जेवढी गप्प बसली नव्हती, तेवढी गुमान चालते ती. लावली कशी तुम्ही?"

"तीन वायरी आहेत. कशी लावणार?"

"नाही, म्हणजे एला ए, बीला बी?"

मेगर आरशातून त्याच्याकडे बघत राहिला.

"डबीवर ए, बी, सी लिहिलेलं असतं ना बारीक," सलूनवाला म्हणाला. "आणि मोटरवरही. मला बुवा मोटरमधलं ओ की ठो कळत नाही. मी अक्षर बघतो आणि चिकटवतो. मान वर करा."

मेगरनं मान वर केली.

हे बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. पंपाच्या मोटरला लाल, पिवळी, निळी असा क्रम लागतो. पण सुरुवात कुठूनही करा. लाल-पिवळी-निळी, पिवळी-निळी-लाल, निळी-लाल-पिवळी, तिन्ही एकच. मोटर त्याच दिशेला फिरणार. पहिला कोण हे ती विचारत नाही. जन्मभर आम्ही क्रम तपासला, पहिला कोण ते कधी तपासलं नाही, कारण ते तपासायचं नसतंच. पण या मोटरमध्ये सेन्सर आहे. सेन्सर सांगतो, आता चुंबक एपाशी आहे, आणि डबी एला वीज देते. एची वायर बीच्या जागी असेल तर वीज भलत्याच वेटोळ्यात जाते. मोटर अडते, ओढते, तापते. केबल काढली की डबी सेन्सरला विचारतच नाही, म्हणून चालते. वायर वायरीवर चढू नये म्हणून मेगरनं एक घर सरकवून टाके घातले होते. काम सुबक झालं होतं. क्रम बरोबर होता. माझ्या जागी त्या सलूनवाल्याला वाकून बघायला लावलं असतं तर पहिल्याच रविवारी सुटलं असतं.

घरी येऊन त्यानं भिंग घेतलं आणि मोटरच्या तीन टोकांवरची अक्षरं पाहिली. मग डबीवरची. भिंग माझ्याकडे दिलं. मीही पाहिलं.

"सापडलं," मी म्हटलं. "इस्त्री तापव." सोल्डरचे टाके घालायच्या तापत्या हत्याराला आम्ही विभागात इस्त्रीच म्हणायचो.

तो खुर्चीत बसून राहिला.

"दहा मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मग?"

"रविवारी."

"आज का नको?"

त्यानं भिंग कापडात गुंडाळलं. घड्या नीट घातल्या. "आज केलं तर रविवारी काय करायचं?"

मला वाटलं होतं की तो म्हणतोय, मुलीसमोर करू. घरी जाताना कळलं की तसं नाही. गाडी झाली की ती नेणार होती. मग बसनं सकाळ मोडून यायचं कारण उरणार नव्हतं. मेगरनं आयुष्यात एकही काम माहीत असून अर्धवट ठेवलं नव्हतं. मी गुरुवारी गेलो, शुक्रवारी गेलो. गाडी टेबलावर तशीच. त्यानं तिच्यावर रुमाल टाकला होता.

रविवारी मी मुद्दाम गेलो. जायला नको होतं, असंही वाटलं. मुलगी येऊन बसली होती. बस वाटेत बंद पडली म्हणून उशीर झाला होता आणि तिचा चेहरा ओढलेला होता. तिनं बॅगेतून एक खोकं काढलं. नवीन डबी. कुठून तरी मागवली होती.

"ही लावू आणि संपवू," ती म्हणाली. "बाबा, खरं सांगू? मला आता थकायला होतं. सहा दिवस काम आणि सातवा बसमध्ये. ही लावूनही नाही चालली तर राहू दे. मी परत त्या मोटरचं नाव काढणार नाही."

तिनं खोक्याचं झाकण उघडायला घेतलं. मेगरचे हात टेबलावर होते. तो खोक्याकडे बघत होता. डबी नवीन, दोष नसलेली. तो गप्प बसला असता तर तिनं ती त्याच्याकडूनच लावून घेतली असती आणि तीही थडथडली असती. मग गाडी शेल्फावर. मुलगीही यायची थांबली असती, ते वेगळं. म्हणजे गाडी चालली तरी मुलगी जाणार आणि नाही चालली तरी जाणार. हे त्याला त्या क्षणी कळलं की आधीच कळलं होतं, मला सांगता येणार नाही.

तिनंच विचारलं. बापाचं ऐकून ऐकून तिच्या तोंडात बसलं असावं. "उघडायच्या आधी सांगा. तपासायचं काही राहिलं?"

मेगर म्हणाला, "राहिलंय. खोकं बंद कर."

त्यानं रुमाल काढला, भिंग तिच्या हातात दिलं आणि तीन टोकं दाखवली. "ए बघ कुठे आहे. आता डबीवर बघ. मी चुकीचं लावलं. धुतली त्या दिवशी."

तिनं बराच वेळ पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच."

"आज दिसलं?"

"बुधवारी."

तिनं भिंग खाली ठेवलं. माझ्याकडे वळली. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही दोघं मला बसमध्ये बसवून..." ती थांबली. उठून खिडकीशी गेली. समोरच्या गच्चीवर कोणी गादी झोडपत होतं. तो आवाज येत राहिला. "का, बाबा?"

मेगरनं इस्त्री लावली होती. ती तापायची वाट बघत होता. "झाली की नेशील म्हणालीस."

"मग ये म्हणायचं होतं. नुसतं. गाडीचं नाव न घेता. तोंड आहे ना?"

"आहे."

"मग?"

इस्त्री तापली. त्यानं तिन्ही टाके सोडवले, टोकं पुसली, अक्षराला अक्षर लावलं. या वेळी एक वायर दुसरीवरून आडवी गेली. दिसायला बेढब. त्यानं ती तशीच राहू दिली.

गल्लीत गाडी ठेवली. खटका मुलीनं दाबला. गाडी आवाज न करता सुटली, कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, परत येऊन त्याच्या चपलेपाशी थांबली. तो वाकला आणि मोटरवर हात ठेवला. थंड होती.

तिनं गाडी टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवली. नवीन डबी टेबलावरच राहिली. ती परत करायला मी नंतर टपालात गेलो. नेहमीच्या आधीच्या बसनं ती निघाली. मेगर थांब्यापर्यंत गेला. मी थोडा मागे उभा राहिलो. पायरीवर चढताना तिनं त्याला काही विचारलं आणि त्यानं मान हलवली. काय विचारलं ते मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी ती आली नाही. मेगर सकाळी दाढी करून टेबलाशी बसला. मी पत्ते नेले होते. खेळलो. त्याच्या पुढच्या रविवारीही आली नाही. तिनं फोन केला होता. तिच्याकडच्या ट्रॅकवर गाडी शेवटून दुसरी आली. मेगरनं विचारलं, मोटर किती तापली. हाताला सोसेल इतकी, असं ती म्हणाली. मेगर म्हणाला, ठीक. फोन ठेवला. आम्ही पुन्हा पत्ते वाटले.

त्यानंतरच्या आठवड्यात, शनिवारी, मी तिथे असताना त्यानं स्वतः फोन लावला. आधी पाणी प्यायला. मग म्हणाला, "उद्या ये." पलीकडून तिनं काही विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "काही नाही बिघडलेलं. ये."

रविवारी ती आली. गाडी आणली नव्हती. टेबल रिकामं होतं आणि दोघं त्याच्या दोन बाजूंना बसले होते. बोलायला काही सापडत नव्हतं. तिनं एकदा सांगितलं, बस आज वेळेवर होती. तो म्हणाला, बरं झालं. मी निघालो तेव्हा ती तशीच बसली होती आणि तो उठून दिवा लावत होता.